पीएल/एसक्यूएलचा वेग: आधी फेऱ्या मोजा

पीएल/एसक्यूएल (ऑरॅकल डेटाबेसमधली प्रोग्रॅमिंगची भाषा) संथ चालतं अशी तक्रार कोणी केली की मी आधी एकच गोष्ट विचारते: तुमचा प्रोग्रॅम एसक्यूएलला (डेटा मागायच्या-बदलायच्या आज्ञांना) किती वेळा हाक मारतो? बहुतेकांनी ते मोजलेलं नसतं. टेबलात नोंदी किती, सर्व्हरला मेमरी किती, हे तोंडपाठ असतं. हाका मात्र कोणी मोजत नाही, आणि वेळ बहुतेक करून तिथेच गेलेला असतो.

मी गुहागर तालुक्यात राहते आणि घरून ऑरॅकलवर काम करते. हातातल्या कामांपैकी माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं काम एका आंबा पॅकहाऊसचं. हापूसचा हंगाम सुरू झाला की वाशीला रोज गाड्या जातात आणि माल विकला गेला की प्रत्येक बागायतदाराची पट्टी निघते. किती पेट्या, काय दर लागला, भाडं-हमाली-तोलाईत किती गेलं, हंगामाआधी घेतलेल्या उचलीपैकी किती वळती केली आणि हातात काय उरलं. वर्षभराची फवारणी, राखण, मजुरी, सगळं शेवटी त्या एका कागदावर येऊन ठरतं. म्हणून तो प्रोग्रॅम चटकन चालावा आणि एक रुपयाही इकडचा तिकडे होऊ नये, याची मला मनापासून काळजी असते. खाली जे लिहिते आहे ते याच कामात हाताखालून गेलेलं आहे.

ऑरॅकलमध्ये दोन इंजिनं शेजारी शेजारी चालतात. इफ, लूप, व्हेरिएबल हे सगळं पीएल/एसक्यूएलचं इंजिन सांभाळतं. सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट समोर आलं की ते काम एसक्यूएल इंजिनाच्या हवाली होतं आणि उत्तर घेऊन गाडी परत येते. याला कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात. एक स्विच अगदी स्वस्त असतो, लाखभर स्विच स्वस्त नसतात. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने वासिष्ठीची खाडी ओलांडणाऱ्यांना हे लगेच पटेल. बोट एक स्कूटर घेऊन निघाली काय नि गाड्यांनी भरून निघाली काय, पलीकडे पोचायला वेळ तेवढाच लागतो.

आता आकडे घेऊ. समजा १,२०,००० पेटी-नोंदींवर खर्च वजा करून निव्वळ रक्कम लिहायची आहे. कर्सरवर (सिलेक्टच्या निकालातल्या ओळी पुढे देणाऱ्या खुणेवर) लूप फिरवून आत एकेक अपडेट दिलं, तर अपडेटच्याच १,२०,००० फेऱ्या झाल्या. तेच काम बल्क कलेक्टने हजार-हजार नोंदी एकदम उचलून आणि फॉरऑलने गठ्ठ्यानेच परत पाठवून केलं, तर अपडेटच्या फेऱ्या १२०. आणि अख्खं गणित एकाच अपडेटमध्ये किंवा मर्जमध्ये (असलेली नोंद बदलणारं, नसलेली घालणारं विधान) बसवलं तर फेरी एक. आमच्या पॅकहाऊसच्या मशीनवर पहिल्या पद्धतीला मिनिटं लागतात, दुसरीला सेकंदं, आणि तिसरी दुसरीच्याही पुढे असते. तुमच्याकडे नेमका किती फरक पडेल ते इंडेक्स (नोंद चटकन शोधायची सूची), ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) आणि डिस्कवर ठरेल, पण हा क्रम उलटलेला मी अजून पाहिलेला नाही. शिवाय एकेक ओळ इन्सर्ट करण्यापेक्षा गठ्ठ्याने इन्सर्ट केलं की रीडोही (बदल पुन्हा करता यावेत म्हणून डिस्कवर लिहिली जाणारी नोंद) कमी तयार होतो. म्हणजे वाचतात त्या नुसत्या फेऱ्या नाहीत, डिस्कवरचं लिखाणही वाचतं.

माझ्याबरोबर चिपळूणचा एक मुलगा काम करतो. त्याने विचारलं, "ताई, मग सगळीकडे बल्क कलेक्ट लावत सुटू का?" मी म्हटलं, "आधी लूपच काढून टाकता येतो का ते बघ. नाहीच निघाला, तर बल्क लाव." फॉरऑल आणि बल्क कलेक्ट १९९९ मध्ये ८आय आवृत्तीत आले आणि तेव्हापासून लोकांनी ते इतके मनावर घेतले आहेत की साध्या इन्सर्ट-सिलेक्टने होणारं कामही कलेक्शनमधून (मेमरीतल्या यादीतून) फिरवून आणतात. नोंदी डेटाबेसमधून उचलायच्या, मेमरीत मांडायच्या आणि तशाच्या तशा परत डेटाबेसात टाकायच्या, याला काही अर्थ नाही. मध्ये खरंच काही गुंतागुंतीचं करायचं असेल, तरच ती वाट धरावी.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. १०जी आवृत्तीपासून कर्सर फॉर लूप स्वतःहूनच एका वेळी १०० ओळी उचलतो. त्यासाठी पीएल/एसक्यूएलच्या ऑप्टिमायझरची (कोड आपोआप सुधारणाऱ्या भागाची) पातळी २ किंवा वर हवी, आणि २ ही डिफॉल्टच आहे. म्हणून नुसतं वाचायचं असेल तर जुना साधा लूप मोडून बल्क कलेक्ट बसवण्याची घाई करू नका. फायदा थोडा आणि कोड दुप्पट, असं होतं. खरी गळती लूपच्या आतल्या इन्सर्ट-अपडेटमध्ये असते, कारण ते कोणी आपोआप गोळा करून देत नाही. ओपन, फेच, क्लोज असं हाताने लिहिलेल्या कर्सरलाही ही सवलत नाही, तो ओळीओळीनेच चालतो.

बल्क कलेक्ट लावलंत तर लिमिट लावाच. लिमिट नसेल तर अख्खा निकाल सेशनच्या मेमरीत, म्हणजे पीजीएमध्ये येऊन बसतो. आमचं पॅकहाऊस ऑरॅकलची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती वापरतं. १८सी आणि २१सीच्या एक्सप्रेसमध्ये मेमरी २ जीबी, डेटा १२ जीबी आणि सीपीयूचे २ थ्रेड, एवढीच मुभा आहे. तिथे एका सेशनने हंगामाचा सगळा डेटा पोटात घेतला तर बाकीच्यांनी काय करायचं? ५०० ते १००० च्या आसपासचं लिमिट मला पुरतं. १००० चं १०,००० केल्यावर वेळेत जाणवण्यासारखा फरक पडत नाही, कारण १२० फेऱ्यांच्या १२ झाल्या तरी मुळात १२० काही जास्त नव्हत्या. मेमरी मात्र दहापट लागते.

लिमिटबरोबर एक खड्डा आहे आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. जुन्या सवयीने लोक फेच झाल्या झाल्या पुढच्याच ओळीत 'एक्झिट व्हेन कर्सर नॉटफाउंड' (ओळ मिळाली नाही तर बाहेर पड) लिहितात. एकेक ओळ उचलताना ते बरोबर होतं. गठ्ठ्याने उचलताना मात्र शेवटचा गठ्ठा अपुरा असतो. समजा २,३४० नोंदी आहेत आणि लिमिट १००० आहे. तिसऱ्या फेचला ३४० नोंदी मिळतात, पण मागितल्या होत्या १०००, म्हणून नॉटफाउंड तिथेच खरं होतं. लूप बाहेर पडतो आणि त्या ३४० नोंदींवर काहीच काम होत नाही. एरर येत नाही, इशारा नाही, प्रोग्रॅम यशस्वी म्हणून संपतो. पट्टीच्या भाषेत सांगायचं तर ३४० नोंदींचे पैसे हिशोबातून गळतात. उपाय सोपा आहे: फेचनंतर कलेक्शनचा काउंट शून्य आहे का तेवढं बघा आणि शून्य असेल तरच बाहेर पडा. किंवा नॉटफाउंडची तपासणी काम झाल्यावर, लूपच्या अगदी तळाला ठेवा. मी पहिला उपाय वापरते, कारण नंतर कोणी लूपमध्ये काही वर-खाली केलं तरी तो टिकतो. गंमत म्हणजे चाचणीला २,००० किंवा ३,००० असा लिमिटने पूर्ण भाग जाणारा आकडा घेतला, तर हा दोष दिसतच नाही. म्हणून चाचणीचा डेटा नेहमी अडनिडा घ्या.

फॉरऑल दिसायला लूपसारखा असला तरी तो लूप नाही. त्याच्याखाली एकच डीएमएल विधान (इन्सर्ट, अपडेट, डिलीट यांसारखं) बसतं, मध्ये इफ चालत नाही. कलेक्शनमधल्या काही नोंदी गाळून मध्ये फटी पडल्या असतील तर 'इंडिसेस ऑफ' वापरा, १०जीपासून ती सोय आहे. आणि 'सेव्ह एक्सेप्शन्स' लावल्याशिवाय मी पैशांच्या टेबलावर फॉरऑल चालवत नाही. ते नसेल तर पहिल्या चुकीच्या नोंदीवर सगळं थांबतं, आणि एक्सेप्शन तुम्ही पकडलं तर आधीच्या नोंदींचे बदल तसेच राहतात, पुढच्यांचे झालेलेच नसतात. अर्धवट पट्ट्यांसारखं वाईट काही नाही. सेव्ह एक्सेप्शन्स लावलं की उरलेल्या नोंदी पूर्ण होतात आणि शेवटी ओआरए-२४३८१ हा एरर येतो. मग बल्क एक्सेप्शन्सच्या यादीतून कोणत्या क्रमांकाची नोंद कोणत्या कारणाने अडली ते कळतं. त्या यादीतला एरर कोड धन संख्येत असतो, मेसेज काढताना पुढे उणे चिन्ह द्यावं लागतं. आणि मेसेजमध्ये कन्स्ट्रेंटचं (मोडलेल्या नियमाचं) नाव येत नाही, म्हणून अडलेली नोंद स्वतः वेगळ्या टेबलात लिहून ठेवावी.

एकाच एसक्यूएलने काम करायचं ठरवलं तर काही जण म्हणतात, मग एका वाईट नोंदीने सगळंच पडेल. नाही पडणार. १०जीच्या दुसऱ्या रिलीजपासून 'लॉग एरर्स' आहे. डीबीएमएस_एररलॉग पॅकेजने चुकांचं टेबल तयार करून घ्या आणि इन्सर्टच्या शेवटी लॉग एरर्स आणि 'रिजेक्ट लिमिट अनलिमिटेड' लिहा. रिजेक्ट लिमिट विसरलात तर ती शून्य धरली जाते आणि पहिल्याच चुकीला विधान पडतं. चुकांच्या टेबलातल्या नोंदी रोलबॅकनंतरही (बदल मागे घेतल्यावरही) राहतात, आणि सकाळी तपासायला त्याच कामाला येतात.

आता उचलीकडे येते, कारण इथे लूप निघणार नाही असं सगळ्यांना वाटतं. बागायतदाराने हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि येईल त्या पट्टीतून ती फिटत जाते. म्हणजे प्रत्येक नोंदीपर्यंत किती वळतं झालं ते माहीत हवं, तरच पुढच्या नोंदीतून किती कापायचं ते कळणार. यासाठी सरसकट लूप लिहिला जातो. पण चालती बेरीज ही ॲनालिटिक फंक्शनची (प्रत्येक ओळीपुढे तिच्या गटातल्या ओळींचं गणित मांडणाऱ्या फंक्शनची) अगदी हक्काची जागा आहे: सम, त्यापुढे ओव्हर, पार्टिशन बाय बागायतदार, ऑर्डर बाय विक्रीची तारीख. एका विधानात सगळ्या बागायतदारांची चालती बेरीज मिळते.

पण थांबा, इथे जपून. ऑर्डर बाय दिलं आणि खिडकी (कोणत्या ओळी बेरजेत धरायच्या ते) सांगितली नाही, तर ऑरॅकल 'रेंज' धरतं, 'रोज' (इंग्रजी ROWS, म्हणजे ओळी) नाही. रेंजमध्ये एकाच तारखेच्या सगळ्या नोंदी एकदम मोजल्या जातात. एका बागायतदाराच्या १२ एप्रिलला दोन विक्री-नोंदी असतील, एक ८,००० रुपयांची आणि एक ५,००० ची, आणि आधीची बेरीज २०,००० असेल, तर तुम्हाला २८,००० आणि मग ३३,००० हवं असतं. मिळतं काय? दोन्ही ओळींवर ३३,०००. पहिल्याच नोंदीला ५,००० जास्त धरले गेले आणि उचल वेळेआधी फिटल्यासारखी दिसली. म्हणून 'रोज बिटवीन अनबाउंडेड प्रिसीडिंग अँड करंट रो' स्पष्ट लिहा आणि ऑर्डर बायमध्ये तारखेच्या मागे नोंदीचा क्रमांकही द्या, म्हणजे एकाच दिवसाच्या नोंदींचा क्रम पक्का राहतो. हे दोन्ही केलं की लूपची गरज उरत नाही, आणि लूपपेक्षा हे तपासायलाही सोपं आहे. निकाल पडद्यावर काढायचा आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं.

एसक्यूएलच्या आत पीएल/एसक्यूएलचं फंक्शन बोलावलं की फेऱ्या उलट्या दिशेने सुरू होतात, हे मात्र लोक सोयीस्करपणे विसरतात. भाड्याचं फंक्शन घ्या: मार्ग आणि पेटीचा आकार दिला की भाडं परत देणारं. सिलेक्टमध्ये ते टाकलं की प्रत्येक ओळीला एकदा बोलावलं जातं, आणि त्याच्या आत पुन्हा सिलेक्ट असेल तर प्रत्येक ओळीला जाणं-येणं दोन्ही. मार्ग आणि आकार मिळून प्रकार थोडेच असतात, ओळी लाखभर. अशा वेळी फंक्शनची हाक कंसात घालून 'सिलेक्ट फंक्शन फ्रॉम ड्युअल' (ड्युअल म्हणजे ऑरॅकलचं एका ओळीचं टेबल) अशी केली, तर ऑरॅकल त्याच विधानापुरती उत्तरं लक्षात ठेवतं आणि हाका झपाट्याने कमी होतात. दोन कंस आणि दोन-तीन शब्द, एवढाच बदल. १२सीपासून 'प्राग्मा यूडीएफ' आहे, त्याने प्रत्येक हाकेचा खर्च घटतो. ११जीपासून रिझल्ट कॅश (उत्तरं साठवून ठेवायची सोय) आहे, ती सगळ्या सेशनमध्ये मिळून वापरली जाते, आणि क्वचितच बदलणाऱ्या टेबलांना चांगली.

तरी मी भाड्यासाठी फंक्शन न वापरता भाड्याच्या टेबलाशी सरळ जॉइन करते, आणि त्याचं कारण निव्वळ वेग नाही. बाहेरचं सिलेक्ट सुरू झालं त्या क्षणाचा डेटा बघतं. आतल्या फंक्शनमधलं सिलेक्ट मात्र प्रत्येक हाकेला त्या त्या क्षणाचा डेटा बघतं. मध्येच कोणी भाड्याचा दर बदलून कमिट (पक्का) केला, तर एकाच अहवालात काही पेट्यांना जुना दर लागेल आणि काहींना नवा. एकाच गाडीतून गेलेल्या दोन बागायतदारांना वेगळं भाडं! जॉइन केलं की हा प्रश्नच उद्भवत नाही.

इंडेक्स असून वापरला जात नाही, याची दोन कारणं मला पुन्हा पुन्हा दिसतात. मोबाईल नंबर व्हारकॅर२ मध्ये ठेवलेला असतो, जे योग्यच आहे, आणि प्रोग्रॅममधून तुलना नंबर प्रकाराच्या व्हेरिएबलशी होते. ऑरॅकल मग कॉलमलाच टू_नंबर लावतं आणि साधा इंडेक्स बाजूला राहतो. भरीला एखाद्या नोंदीत नंबरमध्ये आडवी रेघ असली की ओआरए-०१७२२ हा, आकडा चुकीचा असल्याचा एरर. व्हेरिएबलचा प्रकार टेबलावरूनच घ्या, कॉलमच्या नावापुढे टक्का चिन्ह आणि टाइप लावून, म्हणजे हा घोळ मुळातच टळतो. दुसरं तारखेचं. ऑरॅकलच्या डेटमध्ये वेळही असते, म्हणून लोक कॉलमला ट्रंक (वेळ छाटणारं फंक्शन) लावतात आणि इंडेक्स निकामी होतो. त्याऐवजी तारखेच्या सुरुवातीपासून पुढे आणि दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीच्या आत, अशी दोन टोकं द्या.

पीएलएस_इंटिजर (पूर्णांकांचा प्रकार) नंबरपेक्षा जलद, नेटिव्ह (थेट मशीनच्या भाषेत) कंपाइल केलेला कोड त्याहून जलद, हे खरं आहे. पण ते शुद्ध आकडेमोडीत. पट्टीसारख्या कामात वेळ एसक्यूएलमध्ये जातो, तिथे याने फारसं काही हलत नाही. लूप मोजणाऱ्या व्हेरिएबलला पीएलएस_इंटिजर द्या, पैशांना नंबरच ठेवा, आणि पुढे चला.

लूपमध्ये दर शंभर नोंदींना कमिट करण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. ज्या टेबलावर कर्सर उघडा आहे त्यातच बदल करून मध्ये मध्ये कमिट करत गेलं, की अनडूची (बदलाआधीचा डेटा राखून ठेवणारी) जागा पुन्हा वापरली जाऊ शकते आणि ओआरए-०१५५५ ला (जुना डेटा आता मिळत नाही, या एररला) आमंत्रण मिळतं. त्याहून मोठं कारण आमच्या हवेत आहे. मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो आणि वीज जाते. इन्व्हर्टर दमला आणि मशीन बंद पडलं, तर मध्ये कमिट केलेला प्रोग्रॅम कुठपर्यंत पोचला होता ते कोण सांगणार? पट्ट्यांचं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असलं की वीज आल्यावर डेटाबेस स्वतःच अर्धवट बदल मागे घेतो आणि तुम्ही निर्धास्तपणे पहिल्यापासून चालवता. काम इतकं मोठं असेल की तुकडे पाडावेच लागतील, तर प्रत्येक तुकड्याची नोंद वेगळ्या टेबलात, त्याच कमिटमध्ये ठेवा.

'व्हेन अदर्स देन नल' याबद्दल मला थोडं ठामपणे बोलायचं आहे. चूक झाली तर गप्प राहा, असा त्याचा अर्थ. एका जुन्या प्रोग्रॅममध्ये मला ते सापडलं, आणि त्याच्यामुळे काही बागायतदारांच्या पट्ट्या निघतच नव्हत्या. नावापुढे एक रिकामा रकाना, बस्स. त्या माणसाने पॅकहाऊसला खेटे घालायचे आणि तिथल्या माणसाने 'सिस्टीममध्ये दिसत नाही' म्हणायचं. वेग वगैरे सगळं नंतर, हे आधी काढा. ११जीपासून कंपायलरचे इशारे सुरू ठेवले तर पीएलडब्ल्यू-०६००९ अशा जागा दाखवून देतो. अदर्स पकडायचाच असेल तर डीबीएमएस_युटिलिटीचं फॉरमॅट_एरर_बॅकट्रेस लॉगमध्ये लिहा, त्यात चूक कोणत्या ओळीवर झाली ते असतं, आणि मग रेझ करून चूक वर जाऊ द्या.

मोजण्याबद्दल. डीबीएमएस_युटिलिटीचं गेट_टाइम सेकंदाच्या शंभराव्या भागात उत्तर देतं, आधी आणि नंतर घेऊन वजाबाकी करायची. पहिली वेळ कधीच धरू नका, तेव्हा डेटा डिस्कवरून येत असतो. नंतर तो मेमरीत असतो, त्यामुळे जी पद्धत दुसऱ्यांदा चालवाल ती उगाच जलद दिसते. दोन्ही पद्धती आलटून पालटून चालवा. मोठ्या पॅकेजमध्ये वेळ नेमका कुठे जातो ते शोधायला ११जीपासून डीबीएमएस_एचप्रॉफ आहे. कोणतं सबप्रोग्रॅम किती वेळा बोलावलं गेलं, त्यात किती वेळ गेला, आणि एसक्यूएलचा वेळ वेगळा, असं सगळं ते मांडून देतं. मी त्यात वेळेआधी हाकांचा रकाना बघते.

आणि तुलना करण्याआधी यूझर_पीएलएसक्यूएल_ऑब्जेक्ट_सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये आपल्या पॅकेजची ऑप्टिमायझर पातळी बघून घ्या. डीबगसाठी कोणी ती १ वर आणून कंपाइल केलं असेल आणि तसंच सोडलं असेल, तर वर सांगितलेली १०० ओळींची सवलत बंद पडलेली असते. पातळी २ वर नेऊन पॅकेज पुन्हा कंपाइल करा आणि मग घड्याळ लावा.